राजधानीसाठी अडलेल्या कैऱ्या

तेव्हाच्या मध्यभारत राज्याच्या राजधान्या दोन. उन्हाळ्यात सरकार इंदूरला, हिवाळ्यात ग्वाल्हेरला. आमचे हे सचिवालयात कारकून, त्यामुळे ह्यांचं खातं हललं की आमचं बिऱ्हाडही हलायचं. पण कोणतं खातं जाणार आणि कोणतं इथंच इंदूरला राहणार, ते आदेश निघेपर्यंत कुणालाच कळायचं नाही.

त्या वर्षी कैऱ्या बाजारात आल्या आणि माझं डोकं उठलं. वर्षाचं लोणचं घालायचं, की जाईपर्यंत पुरेल एवढंच? भरलेली बरणी रेल्वेतून न्यायची म्हणजे सगळ्या गाद्या तेलानं माखायच्या. मी रोज विचारायची आणि हे रोज म्हणायचे, "पक्कं काही सांगता येत नाही."

आणि संध्याकाळी हेच गृहस्थ ओट्यावर मित्र जमवून मंगळावर माणसं आहेत की नाहीत, ते पक्कं सांगायचे! एकदा विषय निघाला, पुढचं सगळं देवाला आधीच ठाऊक असतं का. असतंच, असं ह्यांनी छातीठोकपणे सांगून टाकलं. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी. माझा दिमागच फिरला.

"मग विचारा की त्याला, आपण ग्वाल्हेरला जाणार का ते!"

हे विचारात पडले. मग अगदी गंभीरपणे म्हणाले, "आत्ता तोही नाही सांगू शकणार. आदेश कुठं निघालाय अजून?"

मित्रांनी माना डोलावल्या. एकालाही हसू आलं नाही.

मी चहा तसाच आत परत नेला आणि वर्षाच्या कैऱ्या फोडायला बसले.