नाकाडेभाऊंचं बटन

नाकाडेभाऊंशी माझी ओळख झाली ती माझ्या गाढवपणामुळे. भंडाऱ्याच्या आमच्या पाटबंधारे कार्यालयात तलावांची आठवडी यादी भरायचं काम माझ्याकडे नवीनच आलं होतं. एका रकान्यात तलावाची पाणीपातळी, पुढच्या रकान्यात तलाव किती टक्के भरला ते. मी संगणकासमोर बसून, मांडीवर कॅल्क्युलेटर ठेवून एकेका तलावाची टक्केवारी काढत होतो आणि आलेलं उत्तर शीटमध्ये टाइप करत होतो. दोन दिवसांत दोन तालुके झाले होते, आणि मी स्वतःवर बऱ्यापैकी खूश होतो. मागं एक टक्कल पडलेला, जाड चष्म्याचा माणूस केव्हाचा उभा होता. शेवटी तो म्हणाला, "बापू, मोटारसायकल बैलगाडीत टाकून तू कोठी जाऊन राहिला?"

मग त्यांनी मला उठवलं, पहिल्या ओळीत एक सूत्र लिहिलं आणि शीटच्या कोपऱ्यातलं एक बटन दाबलं. दाबल्याबरोबर दोन्ही हात कीबोर्डवरून उचलून शाळेतल्या पोरासारखी छातीवर घडी घातली. ते सूत्र एकेका ओळीत उतरत सगळ्या तलावांवरून शेवटपर्यंत गेलं. काम दोन सेकंदांचं, पण भाऊ मिनिटभर हाताची घडी घालून बसले. "मशीन चालू असली का हात नोको लावू," म्हणाले. पुढं चार वर्षं मी ती घडी दर सोमवारी पाहिली.

त्या बटनामागचा मॅक्रो, म्हणजे आपोआप चालणारा छोटा प्रोग्राम, त्यांनी डब्याच्या सुट्टीत, कोणी न सांगता तयार केला होता. त्यांचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. पुनर्वसनातल्या घरातून ते रोज एसटीनं यायचे. पाण्याचा आकडा चुकला की त्यांना मनापासून राग यायचा. मला शिकवताना म्हणायचे, "मशीनले अक्कल नसते, सवय असते. पहिल्या ओळीत जे शिकवशील, तेच शेवटवरी करत जाते."

एकदा त्यांनी शीटच्या तळाशी 'तयार करणार' असं लिहून पुढं माझं नाव टाकलं. मी संकोचलो. तर म्हणाले, "मी दोन-तीन सालात निवृत्त होऊन राहिलो. माह्यं नाव ठेवून काय करतं? तुह्यं राहू दे." मी त्या पानाची प्रिंट काढून घरी नेली आणि टेबलाच्या काचेखाली सरकवली. बायको, सुनंदा, वाचून म्हणाली, बटन त्यांचं, मग नाव तुमचं कसं? मी तिला मनाचा मोठेपणा या विषयावर पंधरा मिनिटं समजावलं.

त्या यादीत सुनंदाच्या माहेरचा तलावही होता. तिच्या भावाचं, प्रकाशचं, धान त्याच पाण्यावर. तलावाच्या दुरुस्तीत नवी मोजपट्टी दोन फूट खाली बसली होती, म्हणजे पाणी असेल त्यापेक्षा दोन फूट जास्त दिसायचं. भाऊंच्या ते लक्षात आलं. त्यांनी त्या एका ओळीतलं सूत्र हातानं बदलून दोन फूट वजा केले. आणि पुढच्याच सोमवारी, सवयीनं, बटन दाबलं. पहिल्या ओळीचं सूत्र वरून खालपर्यंत फिरलं, आणि ते दोन फूट पाणी परत तलावात आलं. म्हणजे कागदावर. भाऊ हाताची घडी घालून बसले होते, मी शेजारी चहा पीत होतो.

यादी सांगत होती, शेतांना पाणी सोडायच्या दोन पाळ्यांना तलाव पुरेल. त्या भरवशावर महिन्यानं पहिली पाळी सढळ हातानं सोडली गेली. धान निसवायला, लोंब्या बाहेर पडायला लागल्या तेव्हा दुसऱ्या पाळीसाठी तलावाचं दार उघडलं, तर तळाशी चिखल. प्रकाशच्या लोंब्या पोचट राहिल्या. गावातले लोक कार्यालयात आले. साहेबांनी आम्हा दोघांना समोर बसवलं आणि विचारलं, ही शीट कोणाची?

मी भाऊंकडे पाहिलं. त्यांनी टेबलावरचे दोन्ही हात उचलले, छातीवर घडी घातली आणि म्हणाले, "शीटवर नाव हाय, साहेब."

मला वाटलं, हे पहिलं वाक्य आहे, दुसरं येईल. मी शहाण्यासारखा वाट बघत बसलो. दुसरं वाक्य आलं नाही, साकोलीला माझ्या बदलीचा आदेश मात्र आला.

निघालो त्या दिवशी भाऊ स्टँडपर्यंत आले. माझी बॅग त्यांनीच उचलली, खिडकीतून रुमाल टाकून जागाही धरली. मी विचारलं, तुमच्या कधी लक्षात आलं होतं? खोटं बोलले असते तर मला सोपं गेलं असतं. "तिसऱ्याच दिवशी, बापू. पन यादी वर गेली होती, मागून आकडा उतरवला असता तं चूक उघडी पडली असती. म्हटलं, पानी पडंल तं भरून निघंल." म्हणजे पहिली पाळी सोडायच्या आधी जवळजवळ महिनाभर त्यांना माहीत होतं. बस सुटेपर्यंत ते खाली उभे होते. जागा खिडकीची होती, पण मी दुसऱ्या बाजूला बघत बसलो.

प्रकाश हायवेनं साकोलीवरून जातो, आमच्याकडे थांबत नाही. त्याच्या मते, भाऊजींनी, म्हणजे मी, तलाव आटवला.

गेल्या महिन्यात भाऊंचा निरोप समारंभ झाला. मला आग्रहाचं बोलावणं होतं. घरातून निघताना मी सुनंदाला म्हणालो, ते बटन कोणी दाबलं हे आज सगळ्यांसमोर सांगूनच येतो, मग तू प्रकाशला फोन लाव. तिनं शर्टाला इस्त्री करून दिली.

भाऊंनी मला गर्दीतून पुढं बोलावलं, "हा माहा चेला" म्हणून ओळख करून दिली आणि माइक हातात दिला. मी कॅल्क्युलेटरची गोष्ट सांगितली. बैलगाडीतल्या मोटारसायकलला सगळे हसले. आता तलाव सांगायचा, म्हणून मी भाऊंकडे पाहिलं. घडी घालायला त्यांचे हात मोकळे नव्हते, हातांत शाल आणि नारळ होता. चष्म्यामागं डोळे भरले होते. मी म्हणालो, "भाऊंनी मला पहिली ओळ शिकवली," आणि खाली बसलो. टाळ्या पडल्या.

घरी पोचलो तर सुनंदा फोन हातात घेऊनच बसली होती. मी सगळं सांगितलं, टाळ्यांसकट. तिनं फोन हळूच फ्रिजवर ठेवला.

"सकाळपासून परकाशले सांगून ठेवलं होतं, फोनजवळ राह्य म्हणून. आता काय सांगू त्याले? तुमीबी हात बांधूनच बसले म्हणून?"