सरड्याच्या पेटीचं पॉलिश

आमच्या घरातला सरडा वाचला तो जाऊबाईला दिवस गेले होते म्हणून, असं मी सांगितलं की लोक आधी माझ्याकडे बघतात आणि मग माझ्या नवऱ्याकडे.

मुलीची पुण्याची मैत्रीण परदेशी गेली आणि तिचा पाळलेला परदेशी दाढीवाला सरडा, सगळ्या कागदपत्रांसकट, आमच्या मंठा गावातल्या घरी आला. मुलगी कॉलेजला परत गेली, सरडा राहिला. हातभर लांब, गळ्याखाली काट्यांची दाढी आणि चेहऱ्यावर कायम कुणाला तरी जाब विचारल्याचा भाव. त्याला प्लास्टिकच्या क्रेटमध्ये ठेवला होता. थंडी पडली आणि त्याने खाणं सोडलं. ऊब मिळावी म्हणून दिवा लावला तर क्रेटच वितळायला लागलं. प्राण्यांच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, लाकडी पेटी करा, आत दिवा लावा, लवकर करा. ओल लागून लाकूड फुगू नये म्हणून आतून पॉलिश मारा, पण त्याचा वास शिल्लक असेल तर आत ठेवू नका, तापलेल्या पेटीत तो वासच त्याला मारेल. म्हणजे उशीर केला तरी सरडा गेला आणि घाई केली तरी गेला.

असं काम मिळालं की माझे हात शिवशिवतात. मी फ्रिजवर कागद चिकटवला, पॉलिशचे प्रकार लिहिले आणि हार्डवेअरचं दुकान गाठलं. दुकानदार शेठ, आजोबांच्या काळापासून गावात.

"भाभी, हे थिनरवालं घ्या. अशी चमक, की तोंड दिसंल!"

"त्याला तोंड बघायचं नाही शेठ, श्वास घ्यायचाय."

"कुणाला?"

"सरड्याला."

नीट ऐकू यावं म्हणून शेठने पंखा बंद केला. सगळं ऐकल्यावर थिनरचा डबा स्वतःच्या हाताने परत फळीवर ठेवला. "जीव हाय ना? मंग हे बिलकुल न्हाई."

अळशीच्या तेलावर मी फुली मारली, थंडीत ते कितीतरी दिवस चिकट राहतं. लाखेचं पॉलिश दिव्याखाली मऊ पडतं आणि पाणी शिंपडलं की पांढरे डाग पडतात, तेही बाद. उरलं पाण्यात मिसळणारं पॉलियुरेथेन, त्याचा वास लवकर उडतो. सांध्यांत भरायला सिलिकॉन घेतलं ते माशांच्या टाकीचं, कारण बाथरूमच्या सिलिकॉनमध्ये बुरशीचं औषध असतं.

"खातो काय हा?" शेठने विचारलं.

"मेथी, भोपळा."

"वा! शाकाहारी, आपल्यातलाच."

"आणि किडे."

शेठने बिल पुढे सरकवलं.

मिस्त्रीने प्लायची सुरेख पेटी करून दिली. मी गच्चीवर आतून पातळ पातळ हात मारले आणि उन्हात ठेवली. आता वास गेला हे ठरवायचं कुणी? माझं नाक ब्रश मारून मारून बधिर झालेलं, नवऱ्याला सर्दी, सासूबाईंचं नाक मिश्रीने कधीच निकामी केलेलं. राहिली जाऊ. तिला तिसरा महिना. चार घरं सोडून कुणी लसणाची फोडणी दिली तरी ती इकडे तोंडाला पदर लावायची.

रोज सकाळी तिला गच्चीवर नेऊन पेटी हुंगवायला लागलो.

"ताई, हाय अजून. नव्या बादलीतल्या पाण्यासारखं."

मग एका सकाळी, "गेलं!" आम्ही उड्या मारणार, तेवढ्यात तिने हात वर केला. "थांबा. ट्रॅक्टरचा वास येऊन राह्यला."

"पोटात ट्रॅक्टरवाला दिसतो," दीर म्हणाले.

"हसा. तुमच्याच शर्टावर उलटी करते."

ते हसतच राहिले, पण मी पेटी उलटी केली. बूड काळंकुट्ट. मिस्त्रीला फोन लावला.

"जळकं ऑईल मारलं ना ताई खालून. वाळवी लागू नये म्हणून. त्याचं काय न्हाई घेतलं तुमच्याकून!"

त्याचं काय चुकलं? आमच्याकडे पलंग असो की चौकट, मातीकडच्या बाजूला इंजिनचं वापरलेलं तेल लागतंच. पण आत दिवा तापला की ते तेलही तापणार. बूड बदलावंच लागलं. तोवर सरडा दुपारी उन्हात आणि एरवी गरम पाण्याच्या पिशवीला टेकून. अंग मऊ पडलेलं, डोळे मिटलेले. सासूबाई त्याच्या ओठांना बोटाने पाणी लावत होत्या.

मिस्त्री नवी फळी ठोकताना म्हणाला, "ताई, वाळवी खातो का हा?"

"खातो."

"मंग ऑईल कशाला मारलं मी! ह्यालाच ठेवायचा ना राखणीला!"

पुन्हा हात, पुन्हा ऊन, पुन्हा नाक. शेवटी जावेने अख्खं डोकं पेटीत घातलं. कुणी हलेना. आतूनच घुमल्यासारखा आवाज आला, "काहीच न्हाई!" दिवा लावला, पेटी तापू दिली आणि तिला पुन्हा हुंगायला लावलं. तरी काहीच नाही.

सरडा आत ठेवला. बराच वेळ तो मातीच्या खापरावर पसरून पडला. मग एक डोळा उघडला. मी रातकिडा सोडला. सरड्याने मान वळवली, जीभ मारली आणि कुर्रकन चावला. जाऊ तोंड दाबून मोरीकडे पळाली, आणि आम्ही सगळे टाळ्या पिटत सुटलो.

"मेल्यांनो," सासूबाई ओरडल्या, "तिकडं ती ओकून राह्यली आन् टाळ्या काय वाजवता!"