दारातली जीप

अहमदपूरजवळच्या एका गावात मी मानसिक आजारांवरच्या संशोधनासाठी घरोघर फॉर्म भरायचो. एका घरातली थोरली मुलगी वर्षभरापासून कुणाशीच बोलत नव्हती. माझा शहाणपणा बघा, ‘मानसिक आरोग्य सर्व्हे’ लिहिलेली जीप मी त्यांच्याच दारात लावली. त्याच दिवशी धाकटीला बघायला पाहुणे आले. जीपवरचं वाचून ते चहासुद्धा न घेता परत गेले.

पुढच्या महिन्यात मी चालत गेलो. आई उंबऱ्यातूनच म्हणाली, “थोरली मेली म्हणून लिवा, साहेब. पुन्हा इकडं येऊ नका.”

तेवढ्यात थोरलीच पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. मी तिच्या हातचं पाणी प्यालो आणि तिच्यासमोरच फॉर्मवर ‘मयत’ लिहिलं.