चेन उतरवून ठेवली आहे

आमच्या साडभाऊंइतका मायाळू माणूस धाड गावाच्या आसपास दुसरा नाही, आणि ज्याला दारात पाहून माणसं इतकी दचकतात असाही दुसरा नाही. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. गावात लाकूड कापायची मशीन एकट्या त्यांच्याकडे. त्यामुळे कोणी गेलं की सरणाची लाकडं तेच कापून देणार, तीही फुकट. पंचाईत एवढीच, की आजाऱ्याला भेटायला जायची त्यांना मनापासून आवड.

मशीनच्या ज्या चपट्या पोलादी पट्टीवरून चेन फिरते तिला बार म्हणतात. बार खोडाच्या जाडीपेक्षा दोन बोटं लांब हवा आणि चेन त्याच बारच्या मापाची हवी, हा साडभाऊंचा धर्म. टेप ते वापरत नाहीत. झाडाला दोन्ही हातांनी कवळ घालतात, गाल सालीला टेकवतात, डोळे मिटतात, आणि बोटं कुठवर पोचली त्यावरून लहान बार की मोठा ते सांगतात. बुलडाण्यात माझ्या अंगणातला शेवगा तोडायचा होता तेव्हा मी ऐटीत मोठा बार मागितला. ते गंभीरपणे म्हणाले, “लिंबू कापाले तलवार घेता काय, भाऊ?” मग बार बदलून, चेन चढवून, ताण बघायला शिकवत बसले. लांब बार लहान मशीनला ओढवत नाही आणि ढिली चेन निसटली की आधी चालवणाऱ्याचाच पाय शोधते, हेही सांगितलं. ते ऐकल्यावर मी शेवगा तोडलाच नाही. अजून त्याच्या शेंगा खातो.

एकदा त्यांच्या शेजारचे काका तापानं फणफणले होते. साडभाऊ उशाशी जाऊन बसले. काकांनी एक डोळा उघडून विचारलं, “कोनता बार लावून आला बे?” साडभाऊंना खोटं बोलता येत नाही. म्हणाले, “चेन उतरवून ठेवली, काका. तेलात पडली हाये.” काका उठून बसले आणि त्यांनी चहा मागितला. तेव्हापासून रिवाजच पडला. आजाऱ्याकडे जायचं तर साडभाऊ आधी घरी चेन उतरवणार आणि दारातूनच तसं सांगणार. घरची माणसंही पहिल्यांदा तेच विचारत, बाकीचं बोलणं मागाहून. ताई, म्हणजे त्यांची बायको, यावर हसून बेजार व्हायच्या. “डाक्टरपरीस ह्यायचीच फी जास्त पाह्यजे,” म्हणायच्या.

मग ताईच अंथरुणाला खिळल्या. बुलडाण्याच्या डॉक्टरांनी, आता घरी न्या, असं आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं. साडभाऊंनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. दुसऱ्या दिवशी ते एक पोतं घेऊन माझ्या दारात उभे. आत दोन्ही बार आणि तेलाच्या डब्यात दोन्ही चेना. नुसतं उतरवून या वेळी भागणार नाही, असं त्यांना वाटलं असावं. “तुमच्यापाशीच राहू द्या,” एवढंच बोलले. रोज संध्याकाळी फोन व्हायचा. मी ताईंचं विचारायचो, आणि ते विचारायचे, “चेन तेलातच हाये ना?” मी हाव म्हणायचो. शेवग्याला भिणारा माणूस मी, पण त्या पोत्याची अशी राखण करायला लागलो, की बायकोनं झाडताना ते सरकवलं तरी तिच्यावर खेकसायचो.

एके दिवशी फोन दुपारीच आला. “भाऊ, लहान बार घेऊन या,” ते म्हणाले. आणि मग, “नाही, दोनी आना. मी पायतो.”

धाडची जीप पकडून मी पोचलो तेव्हा घरापुढे माणसं बसली होती. साडभाऊ मागच्या बांधावर होते, वाळल्या बाभळीपाशी. कवळ घातलेली, गाल सालीला, डोळे मिटलेले. पलीकडे त्यांची बोटं एकमेकांना लागलेली मला दिसत होती, म्हणजे लहान बार पुरणार होता. मापाला एवढा वेळ लागत नाही, हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं. तरी कोणी हाक मारली नाही. मी तिथं ठेवलेल्या मशीनजवळ पोतं उघडून मातीत बसलो, आणि त्यांनी शिकवलं होतं तशी लहान बारवर चेन चढवू लागलो, जमेल तितक्या सावकाश.