जिंकत असताना टीम बाहेर काढणारा मॅनेजर

आमच्या गावात जागेश्वर रहांगडाले यांना नावानं कोणी हाक मारत नाही. मॅनेजर म्हणतात. फार पूर्वी एका टूर्नामेंटमध्ये माईकवरचा माणूस ओरडला होता, "और ये हैं टीम के मॅनेजर, जागेश्वरजी!" तेव्हापासून ते नाव त्यांना चिकटलं. त्यांचा धानाचा व्यापार आहे, थोडी शेती आहे आणि एक टेम्पो आहे. हप्ताभर त्या टेम्पोत धानाची पोती असतात आणि रविवारी फुटबॉलची टीम.

मी त्यांची चाहती झाले ती भांडणातून. आमची बांधी, म्हणजे धानाचं शेत, मैदानाला लागून आहे. लग्न होऊन मी नुकतीच या गावात आले होते, आणि उन्हाळी धानाच्या पऱ्ह्यात, लावणीसाठी वाढवलेल्या रोपांत, रोज बॉल येऊन पडायचा. एके दिवशी मी बॉल काखेत धरला आणि धुऱ्यावर, शेताच्या कडेच्या बांधावर, उभी राहिले.

"बॉल द्या जी, वहिनी," ते म्हणाले.

"नाई देत. माह्ये पऱ्हे कोन भरून देईल?"

ते चिखलात उतरले आणि आडवी झालेली रोपं हातानं सरळ करत बसले. मग म्हणाले, "त्या पोट्ट्याले मी डाव्या पायानं मारायले लावून राहिलो. त्याले सवय नाई, म्हणून इकडं येते. अजून काही दिवस येईल, मंग बंद होईल."

ते खरंच बंद झालं. तो पोरगा डाव्या पायानं कसा मारू लागला हे बघायला मी धुऱ्यावर थांबू लागले, आणि मग थांबतच गेले.

तरुणपणी जागेश्वरभाऊजी गोंदियात रेल्वेच्या मैदानावर खेळायचे, बचावात. गुडघा गेला तेव्हा गावी परतले आणि इथल्या पोरांची टीम बांधली. पहिली काही वर्षं आमची टीम एवढे गोल खायची की बाया मैदानाकडे पाठ करून बसायच्या. भाऊजी कधी ओरडले नाहीत. सामना चालू झाला की चपला काढायचे, गळ्यातल्या दुपट्ट्याची दोन्ही टोकं धरायचे आणि आमच्याच गोलामागे जाऊन उभे राहायचे. सरावात गोलकीपरकडे नहराच्या पाण्यात बुडवलेला ओला बॉल फेकायचे, सामन्यात हात घसरू नये म्हणून. हळूहळू आमच्यावर गोल होणं कमी झालं. मग आम्ही सामने बरोबरीत सोडवू लागलो, मग जिंकू लागलो. माझा मुलगा उमेंद्र मोठा झाला आणि त्यांचा गोलकीपर झाला. त्यानंतर मला एकही सामना बसून बघता आला नाही.

तीन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत, बिरसीच्या पलीकडच्या एका गावात, आम्ही पहिल्यांदा मोठ्या टूर्नामेंटच्या फायनलमध्ये पोचलो. समोर आमगावकडची टीम होती, दर वर्षी कप नेणारी. गावातून ट्रॅक्टर भरभरून माणसं आली होती. माझा नवरा खेमराज सकाळपासून जेवला नव्हता.

मध्यंतरानंतर आमच्या योगराजनं, उमेंद्रच्या वयाच्या पोरानं, भाऊजींनी शिकवलेल्या डाव्या पायानं गोल केला. आम्ही पुढे गेलो. त्यानंतर आमगावच्या पोरांनी आमच्या गोलासमोर जो गराडा घातला तो सुटेना. उमेंद्रनं एक बॉल बोटांच्या टोकांनी वर ढकलला. दुसरा खांबाला लागून परत आला. मी साडीचा पदर तोंडात धरून उभी होते.

तेवढ्यात अंधारून आलं. बिरसीच्या विमानतळावरची शिकाऊ विमानं दुपारभर डोक्यावर घरघरत असतात, कोणी मान वर करून बघत नाही. पण ती थांबली हे भाऊजींच्या लक्षात आलं. त्यांनी वर बघितलं. सगळी विमानं खाली उतरली होती. मग नागझिऱ्याच्या बाजूनं उजेड चमकला आणि बऱ्याच वेळानं आवाज आला.

भाऊजी लंगडत रेफ्रीकडे गेले. मी जवळच होते.

"सामना थांबवा जी. वीज येऊन राहिली."

रेफ्रीनं मंडपाकडे बघितलं. पाहुणे बसले होते, शेजारी टेबलावर कप होता. टूर्नामेंट भरवणाऱ्या मंडळाचा एक माणूस धावत आला. "थोडाच तो टाइम बचा है, भाऊ. संपवून टाकू. जो मैदान सोडेल तो हरला, नियम तुमाले मालूम हाय."

पुन्हा उजेड. या वेळी आवाज लवकर आला. बांधीत उभ्या माणसावर वीज कशी येते हे इकडं प्रत्येक घराला ठाऊक आहे. आणि आमच्या गोलाचे खांब लोखंडी पाइपांचे होते. त्या मोकळ्या टोकाला, पाइपांच्या मधोमध, माझा एकुलता एक मुलगा उभा होता. मला तो कप हवा होता. आणि माझी नजर त्या पाइपांवरून हटत नव्हती.

भाऊजींनी दुपट्टा वर करून हलवला. "बाहेर या! सगळे बाहेर!"

योगराज जागच्या जागी थांबला. "काकाजी, लीड आपली हाय! काऊन बाहेर?"

"बाहेर ये म्हटलं ना!"

"दोन मिनिटं राहिले!"

"योगराज!" त्यांना ओरडताना मी पहिल्यांदा ऐकलं.

एकेक करून पोरं निघाली. उमेंद्रला गोलातून काही ऐकू येत नव्हतं. त्याला वाटलं बदली खेळाडू येतोय. तेव्हा भाऊजी स्वतः मैदानात धावले, अनवाणी, तो मोडका गुडघा घेऊन. लोक शिव्या देत होते. कोणीतरी पाण्याची बाटली फेकली, ती त्यांच्या पाठीवर लागली. त्यांनी उमेंद्रचा दंड धरला आणि त्याला ओढत शाळेच्या व्हरांड्यात आणलं.

आमगावची टीम मैदानातच उभी राहिली. रेफ्रीनं शिट्टी मारली आणि सामना त्यांना दिला. गारा पडल्या, एकदा कान फाटेल असा कडकडाट झाला. आम्ही सगळे भिंतीला चिकटून वाट बघत राहिलो.

वीज पडली नाही. ना मैदानावर, ना झाडावर, कुठंच नाही. आभाळ बालाघाटकडे सरकलं आणि थोड्याच वेळात स्वच्छ ऊन पडलं. त्या उन्हात आमगावच्या पोरांनी कप उचलला.

 दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर सगळे भाऊजींना बोलले. माझाच नवरा पुढे होता.

"का मॅनेजर, वीज कुठं पडली?"

"नाई पडली," भाऊजी म्हणाले. "बरं झालं."

हे ऐकून लोक अजून चिडले. भाऊजींनी भांडण केलं असतं, कारणं दिली असती, तर लोकांना बरं वाटलं असतं. रात्रीच्या जेवणाला खेमराज पुन्हा तेच बोलू लागला, हातातला कप सोडला, भित्रा माणूस.

"गोलात कोन उभा होता?" मी विचारलं.

 त्यानंतर पानठेल्यावर तो गप्प झाला. बाकीचे झाले नाहीत.

मी एकदा भाऊजींना विचारलं होतं, तुम्हाला खात्री होती का. ते म्हणाले, "नाई. खात्री कोनाले राहते? पण धान लावताना विजेनं माणूस मरते, त्याले पोट भरायचं राहते. कपासाठी कायले मरावं?"

टीम फुटली. योगराज गोंदियातल्या एका क्लबात खेळायला गेला. बाकीच्यांनी येणं सोडलं. भाऊजी मात्र रोज संध्याकाळी चुन्यानं रेषा आखायचे आणि बसून राहायचे. मी धुऱ्यावरून बघायची, आणि ते एकटं बसणं बघवत नसे. काही दिवसांनी उमेंद्र आपणहून गेला. दोघंच. एक मारतोय, एक अडवतोय. पूर्ण पावसाळा आणि धानाचा हंगाम असाच गेला.

पुढच्या हिवाळ्यात एक मोटरसायकल मैदानावर येऊन थांबली. आमगावच्या टीमचा कप्तान होता, प्रफुल. मला वाटलं भांडायला आला. मी विळा हातात घेऊनच जवळ गेले.

तो म्हणाला, "काकाजी, त्या दिवशी माही माय सामना पाहायले आली होती. घरी गेल्यावर तिनं विचारलं, त्याईच्या मॅनेजरनं पोट्टे बाहेर काढले, तुमच्यावाल्याले तुमी कोनी लागत नाई का? म्हणून आलो. तो सामना पुरा खेळू. तुमच्या मैदानावर."

"माह्याजवळ टीम नाई गा," भाऊजी म्हणाले.

टीम उमेंद्रनं जमवली. घरोघर फिरला. दोन दारांतून हाकलला गेला, तिथं पुन्हा गेला. योगराज शेवटी आला, भाऊजींशी न बोलता. भाऊजींनी त्याला विचारलं नाही काऊन गेला होतास. फक्त म्हणाले, "डावा पाय जड झाला तुहा."

सामन्याच्या दिवशी आभाळ निरभ्र होतं. अख्खं गाव आलं होतं, आणि अर्धं गाव मॅनेजर हरताना बघायला आलं होतं. प्रफुलनं सुरुवातीलाच गोल केला. योगराजनं फेडला. मग कितीतरी वेळ काहीच होईना. बॉल इकडून तिकडे, लोकांचे श्वास त्याच्या मागे. भाऊजी गोलामागे, दुपट्ट्याची टोकं मुठीत. शेवटी शेवटी आमगावच्या एका पोरानं लांबून मारलं. उमेंद्र झेपावला. त्याच्या बोटांना बॉल लागला, हे मी बघितलं. तरी आत गेला.

आम्ही हरलो.

उमेंद्र तोंड खाली घालून पडून राहिला. गावातलं कोणी टोमणा मारतंय का म्हणून मी मागे वळून बघितलं. पहिली टाळी खेमराजनं वाजवली, नंतर इतरांनी.

प्रफुलनं पिशवीतून मागच्या वर्षीचा कप काढला आणि भाऊजींपुढे धरला. "हा तुमचा हाय, काकाजी."

भाऊजींनी तो हातात घेऊन उलटसुलट बघितला, दुपट्ट्यानं पुसला आणि परत दिला. "आज तुमी जिंकले गा. आता घेऊन जा, मोकळ्या मनानं."

मग ते गोलात गेले, खाली बसताना गुडघ्याला हात लावला, आणि उमेंद्रच्या पाठीवर थोपटत काहीतरी सांगत राहिले. काय ते मला ऐकू आलं नाही. घरी मी उमेंद्रला विचारलं, तर तो म्हणाला, "उद्यापासून लांबच्या बॉलची प्रॅक्टिस हाय. सगळ्याले बोलावलं."

सकाळी मी बांधीत पाणी सोडायला गेले तेव्हा धुकं होतं. त्यात पोरांचे आवाज येत होते, आणि त्यांत योगराजचा आवाज मला वेगळा ओळखू आला.