पोरगी केवढी झाली?

मोर्चातून परतताना माझा घसा बसलेला असायचा. लालबागच्या नाक्यावरचा भेळवाला भय्या न सांगता माझ्या भेळेत तिखट चटणी कमी घालायचा. भेळ कालवताना त्याचं लक्ष भलतीकडेच असे. शेवटी चिमूटभर शेव वरून टाकून तो म्हणायचा, "खाओ भाऊ, लई दमला तुम्ही." संयुक्त महाराष्ट्राच्या त्या दिवसांत सगळेच दमलेले होते, पण तसं बोलून दाखवणारा तो एकटाच.

दर होळीला तो महिनाभर मुलखाला जायचा, पार बनारसच्याही पलीकडे, पोरीला भेटायला. परतला की गिऱ्हाइकं विचारत, "पोरगी केवढी झाली?" तो हातानेच उंची दाखवायचा. गेल्या वर्षी ती त्याच्या कमरेला लागत होती.

यंदा तो गेल्याला आठवडा झाला असेल. भायखळ्याच्या भाजीबाजारात टोपली घेऊन उभा असलेला तो मला दिसला. मला पाहून त्याचा हात थांबला. मग त्याने भेळ कालवली. तिखट कमीच.

"गेला नाहीस?"

"कोणाकडे जाऊ, भाऊ? तीन साल झाले, पोरगी देवीच्या साथीत गेली. लेकिन लालबागला तुम्ही लोक तिला विचारता ना."

मी भेळेचे पैसे टोपलीच्या कडेला ठेवले आणि निघालो.

महिन्याने तो नाक्यावर परतला. त्या दिवशी सगळेच मोर्चाच्या गप्पांत होते, कुणी विचारेना. शेवटी मीच विचारलं, "काय भय्या, पोरगी केवढी झाली?"

त्याने हात कमरेशी नेला, क्षणभर माझ्याकडे पाहिलं, आणि हात आणखी चार बोटं वर उचलला.