ब्रेक दाबला की बोंब

ब्रेक दाबला की हॉर्न वाजतो, अशी अख्ख्या डोंबिवलीत एकच गाडी होती. ती आमची. आणि तिला तसं घडवणारा मेकॅनिक मीच!

मी तेव्हा 'हॉर्नमुक्त कोपर' मोहीम चालवत होतो. (कार्यकर्ते तीन, त्यातले दोघे मीच.) पप्पांच्या अठरा वर्षं जुन्या गाडीच्या मागच्या काचेत मी एलईडीची पाटी लावली: 'हॉर्न हा गुन्हा आहे!' ब्रेक मारला की ती पेटणार, मागच्या समाजाचं प्रबोधन होणार! त्यासाठी ब्रेक-लाइटची वायर हवी होती. डॅशबोर्डखाली डोकं घातलं, तर सगळ्या वायरी एकाच रंगाच्या. मळक्या!

"अरे, वायरमनला बोलव," पप्पा म्हणाले.

"तंत्रज्ञानावर मूठभरांची मक्तेदारी का?" मी गरजलो आणि हाताला लागल्या त्या वायरी एकमेकींना जोडून चिकटपट्टी मारली. तपासून बघितलं नाही. विचार पक्का होता ना!

दुसऱ्या दिवशी ताईचा साखरपुडा. ठाण्यात टेंभी नाक्याजवळचा हॉल, अकराला बुद्धवंदना. ताईचे होणारे सासरे बनसोडे गुरुजी म्हणजे निवृत्त हेडमास्तर. त्यांनी बैठकीतच बजावलेलं, "मला हुंडा नको, मानपान नको. शिस्त मात्र हवी. बेशिस्त घरात मी सोयरीक करत नाही."

सोसायटीच्या गेटवर पप्पांनी ब्रेक दाबला. पॉऽऽऽ! मागे पाटी झळकली: 'हॉर्न हा गुन्हा आहे!'

"मी नाही वाजवला!" पप्पा दचकले.

"मग गाडीला कंठ फुटला?" ताई म्हणाली. मग दोघांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

शिळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये तर दर दहा पावलांना प्रबोधन! एका बाइकवाल्याने काचेवर टकटक केलं. "काका, स्वतःची पाटी स्वतः वाचता का कधी?"

पप्पा संतापले. "आता मी ब्रेकच दाबत नाही!"

"पप्पा, माझं लग्न व्हायचंय अजून!" ताई किंचाळली. "दाबा! वाजू दे!"

पावणेअकराला आम्ही वाजतगाजत पोचलो. हॉलच्या दारात गुरुजी, हात मागे बांधून. पप्पांनी शेवटचा ब्रेक दाबला आणि पेडल आत गेलं ते वर येईचना! पॉऽऽऽऽऽ! किल्ली काढली, तरी चालूच. बोनेट उघडेना. आजूबाजूच्या बिल्डिंगी गॅलरीत आल्या, मग खाली उतरल्या. शेवटी नवरदेवानेच नव्याकोऱ्या सुटात गाडीखाली आडवं पडून, पायाने खालून ढकलून बोनेट उघडलं आणि बॅटरीची वायर उपटली.

शांतता. ताईचे डोळे भरलेले. गुरुजी पुढे आले.

"साखरपुडा होईल," ते म्हणाले. "पोरगी बेशिस्त नाही, गाडी आहे. पण या लोकांना त्रास झालाय. आधी वंदना, मग गाडीविरुद्ध ट्रॅफिक पोलिसांकडे लेखी तक्रार!"

वंदना झाली, अंगठ्या झाल्या. मग शेजारचे एक आजोबा वहीवर लिहू लागले, "सविनय विनंती की..."

माझ्याच्याने राहवेना. "आजोबा, ही काय मिळमिळीत भाषा? द्या इकडे!" आणि मी एका दमात लिहिलं: 'जनतेच्या कानांवर बलात्कारी अतिक्रमण करणाऱ्या या भंगाराचा आणि त्यामागच्या विकृत मेंदूचा तीव्र निषेध! दोघांनाही तात्काळ रस्त्यावरून हटवा!'

सगळ्यांनी सह्या केल्या. पहिली गुरुजींची, दुसरी पप्पांची. ताईने तर नवी अंगठी मिरवत दोनदा केली.

आजवर मी शेकडो निवेदनं लिहिली. त्याच दिवशी, शब्दशः अंमलबजावणी झालेलं हे एकमेव. गाडी टोइंगने गेली. मी तिच्यात बसून.